बाहेरून लावलेली कडी

आमच्या गाण्याच्या ताई वर्गात कधी आत बसल्याच नाहीत. त्या उंबऱ्यावर बसायच्या. सतरंजी आत, आम्ही आत, पेटी दाराशी ओढलेली, आणि ताई मात्र दारात. एक पाय वर्गात, एक पायरीवर. गाणं चालू असायचं, बोटं पेटीवर असायची आणि मान दर दोन मिनिटांनी बाहेर वळायची. समोर कडुनिंब होता आणि त्याच्या पलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर. त्या घराच्या दारावर त्यांची नजर असायची.

पहिल्याच आठवड्यात पुण्याहून आलेल्या वैभवने विचारलं, "ताई, तुम्ही आत का येत नाही?"

"आत आली का मले बाहेरचं दिसत नाई."

"बाहेर काय आहे?"

"माहे वडील हायेत. चाल, सा लाव."

हिंगणीहून बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं महाविद्यालय होतं. महाविद्यालय म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं तिथे काही नव्हतं. परीक्षा नव्हती, तासाची घंटा नव्हती. काय शिकायचं ते शुक्रवारच्या सभेत ठरायचं, आणि त्या सभेत सगळ्यांना सारखंच मत होतं, मग ते संस्था काढणारे दादा असोत की कालच आलेला विद्यार्थी. शेत, गोठा, स्वयंपाक, झाडलोट ही सगळी कामं पाळीने. भिंतीवर पाळ्यांचा मोठा फळा होता आणि त्यावर आपलं नाव शोधूनच आमचा दिवस सुरू व्हायचा. गाणं सगळ्यांना होतं. आवाज असो-नसो, आठवड्यातले चार दिवस सकाळी तासभर ताईंपुढे बसायचंच. इतर शिक्षिकांना आम्ही नावापुढे ताई लावत असू. यांना नुसतं 'ताई' म्हटलं की पुरायचं.

मी हिंगणीचीच. वडील वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि माल वर्ध्याच्या बाजारात न्यायचे. मला तिथे घातलं ते त्या प्रयोगाचं कौतुक होतं म्हणून नाही. घरापासून ते दोन किलोमीटरवर होतं आणि मी सायकलने दिवस मावळायच्या आत परत येऊ शकत होते, म्हणून. वर्ध्याच्या कॉलेजात जायचं तर बस, बस म्हणजे उशीर, आणि उशीर म्हणजे गावात चर्चा. मला कॉलेजात घातलं होतं, पण सोडलं नव्हतं. सायकल फाटकातून आत घेतली तरी माझ्या अंगावरचं घर उतरत नसे. मी गायचे तेसुद्धा घशातल्या घशात, शेजारच्या खोलीत आवाज जाऊ नये अशा बेताने. ताईंनी ते दुसऱ्याच दिवशी ओळखलं.

"रजनी, चोरी करून राह्यली काय वं? तोंड उघड. कोणी पकडत नाई इथं."

मी तोंड उघडलं आणि सूर भलतीकडेच गेला. सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. "चुकला तं चुकला. पण दिसला तं खरा. लपलेल्या सुराचं मी काय करू?" असं म्हणून त्यांनी पुन्हा बाहेर पाहिलं.

आबा, म्हणजे ताईंचे वडील, एके काळी आर्वीकडच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पंचक्रोशीत त्यांचा दरारा होता. ताईंना गाणं शिकवलं ते त्यांनीच. आमच्या वेळेपर्यंत मात्र त्यांना काहीच आठवेनासं झालं होतं. आपण जेवलो की नाही हे आठवत नसे, घर कुठलं हे आठवत नसे. ताई पाणी घेऊन गेल्या की विचारायचे, "तू कोण वं? कोणाची पोरगी?" ताई प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे सांगायच्या, "तुमचीच हाव." हा प्रश्न दिवसातून दहा वेळा यायचा आणि दहाही वेळा तेच उत्तर मिळायचं.

आबांना चालायची खोड होती. उठले की निघाले. मागे धरणाचा कालवा होता आणि तिकडून त्यांना दोनदा परत आणावं लागलं होतं. त्यामुळे ताईंचा सगळा दिवस वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत कापलेला असे. बाजार नाही, लग्नकार्य नाही, सेलूपर्यंतसुद्धा जाणं नाही. पुण्याच्या भावाचा सणावाराला फोन यायचा आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "ताई, तू आहेस म्हणून आम्हाला काळजी नाही." ताई आम्हाला सांगायच्या, "हे वाक्य त्यानं एखाद्या वेळी फ्रेम करूनच पाठवावं. भिंतीवर लावतो."

एकदा दादांनी सुचवलं होतं, "वर्गापुरती घराला बाहेरून कडी लावत जा. तासाभराचाच तर प्रश्न आहे." ताई एवढंच म्हणाल्या, "नाई. कडी लावाची नाई." तो आवाज असा होता की दादांनी पुन्हा विषय काढला नाही. ते दार मे महिन्याच्या झळांतही उघडंच असे. फक्त एक पडदा हलत राहायचा.

ताईंनी आम्हाला शिकवलेलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे निंदणीची गाणी. वावरात निंदताना बाया जी गाणी म्हणतात ती ऐकून यायची, फोनवर उतरवायची आणि वर्गात बसवायची. ताईंना स्वतःला कोणाच्या वावरात जाता येत नव्हतं, म्हणून वावर त्यांच्याकडे आणायचं काम आमचं. माझी आई आधी लाजली, मग तोंडावर पदर घेऊन चार गाणी म्हणाली. मी ती वर्गात अगदी सुरात म्हणून दाखवली. ताईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"चाल आणली, बाई नाई आणली."

"म्हणजे काय वो ताई?"

"दुपारचे दोन वाजले हायेत, तिची कंबर मोडली हाय अन ती गाऊन राह्यली. तू तं आंघोळ करून आली असं वाटते."

मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना कॉलेजच्याच तुरीत दोन तास निंदायला लावलं आणि ती गाणी वाकून म्हणायला सांगितली. त्यानंतर ती गाणी खरी झाली.

वार्षिक मेळाव्यात आम्ही तीच गाणी म्हटली. पाहुण्या म्हणून नागपूरच्या एक वयस्कर गायिका आल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी ताईंना उंबऱ्यावरच गाठलं, आणि आग्रह करून एक बंदिश गायला लावली. ताई पाचच मिनिटं गायल्या, तीही बाहेर बघत. ती बंदिश संपल्यावर पाहुण्या बाई त्यांच्याशेजारी उंबऱ्यावरच टेकल्या. मग म्हणाल्या, "दर शनिवारी माझ्याकडे येत जा. फार काही राहिलेलं नाही, पण जे राहिलंय ते मी देईन तुम्हाला."

"मले नाई जमत," ताई म्हणाल्या. कारण सांगितलं नाही. त्यांना ते सांगावंही लागलं नाही. तेवढ्यात आबा पायरी उतरत होते आणि ताई उठून पळाल्या.

पुढच्या शुक्रवारी सभेत वैभव उभा राहिला. "गोठ्याची पाळी आहे, भांड्यांची आहे. मग शनिवारची आबांची पाळी का नसावी? दोघं-दोघं मिळून बसू. ताई नागपूरला जातील." सगळ्यांनी हात वर केले. ताई दारात बसल्या होत्या, त्यांचा चेहरा लाल झाला.

"माह्या बापाले तुम्ही गोठ्याच्या फळ्यावर लिहिता काय?"

ताई उठून निघून गेल्या. पुढचा आठवडाभर त्यांनी आम्हाला फक्त सुरांचे अलंकार घोकायला लावले. त्यानंतरच्या सोमवारी तास संपल्यावर मात्र पेटीचा भाता बंद करता करता म्हणाल्या, "त्यायले चहा बशीतून लागते. कपात दिला तं सांडवतात." म्हणजे त्या जाणार होत्या.

मग शनिवारी सकाळच्या गाडीने ताई सेलूला आणि तिथून नागपूरला जाऊ लागल्या. संध्याकाळी पाचच्या गाडीने परत यायच्या. पहिल्या शनिवारी त्यांनी नागपूरहून तीन वेळा फोन केला, दुसऱ्या शनिवारी एकदा, आणि महिन्याभराने एकदाही नाही. त्या बदलल्या होत्या. वर्गात मधेच थांबून "हे पाहा, काल मले हे मालूमच नव्हतं" असं सांगायच्या आणि गाण्यातली एखादी जागा पुन्हा पुन्हा घेऊन दाखवायच्या. पंचेचाळिशीतल्या बाईच्या चेहऱ्यावर नव्या विद्यार्थिनीची घाई दिसायची. आम्हाला फार अभिमान वाटायचा. जणू आम्हीच त्यांना सोडवलं होतं.

तिसऱ्या महिन्यात माझी पाळी होती. जोडीदारीण तापाने पडली होती, म्हणून मी एकटीच. दुपारी आबा जेवून झोपले. पलीकडे मेळाव्यासारख्याच एका कार्यक्रमाची तालीम चालली होती आणि त्यात एक कडवं मी एकटीने म्हणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी एकटीने गायला सांगितलं होतं. वैभवने हाक मारली. मी आबांकडे पाहिलं. ते घोरत होते. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, असं मीही दादांसारखंच मनाशी म्हटलं. मी दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली. ती गंजली होती, जोर लावावा लागला. तो जोर मी लावला, हे मला आजही हाताला आठवतं.

परत आले तेव्हा दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरातल्या शकुनबाई म्हणाल्या, "बाबा दार ठोकून राह्यले होते, लेकरासारखे रडून राह्यले होते. मी उघडलं. मले वाटलं तू आतच हायेस. भात लागत होता म्हून मी वापस गेली. कोणं लावली होती वं कडी?"

मी ओरडून सगळ्यांना बोलावलं. पोरं कालव्याकडे धावली. मी सायकल काढली आणि उलट दिशेने, गावाकडे गेले. का, ते सांगता येत नाही. कदाचित कालव्याकडे जाऊन पाहायची माझी हिंमत नव्हती.

आबा हिंगणीच्या थांब्यावर बसले होते. बनियनवर काळा कोट, डोक्यावर टोपी, आणि मांडीवर पेटीची कापडी खोळ, नीट घडी घातलेली. दार ठोकून ठोकून हाताची बोटं सोलवटली होती. मला पाहून त्यांनी विचारलं, "नागपूरची गाडी इथूनच जाते ना?"

"आबा, घरी चला."

"घरी कायले? पोरीचं गाणं हाय आज रेडिओत. बोलावलं हाय तिले. मी घेऊन चाललो. ती कपडे करून राह्यली, येईलच आता."

मी खूप विनवण्या केल्या. ते उठेनात. पोरगी आल्याशिवाय हलणार नाही म्हणाले. शेवटी वैभवला फोन करून सापडल्याचं कळवलं आणि मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. दोन गाड्या गेल्या. प्रत्येक गाडीला ते अर्धे उठायचे, रस्त्याकडे बघायचे आणि परत बसायचे. मग पाचची गाडी आली आणि तिच्यातून ताई उतरल्या.

आबांनी त्यांना पाहिलं. त्या एका वेळी 'तू कोण' असं त्यांनी विचारलं नाही. "किती उशीर केला वं," ते म्हणाले. "चाल, चढ लवकर. रेडिओवाले थांबत नसतात."

ताई तशाच उभ्या राहिल्या. गाडी निघून गेली, धूळ बसली. मग त्या वाकल्या, त्यांच्या मांडीवरची खोळ घेतली आणि म्हणाल्या, "हो आबा. लई उशीर झाला. आजची गाडी गेली. आता घरी चला." आबा मुकाट्याने उठले.

चालता चालता मी सगळं सांगितलं. कडीचंही. ताई थांबल्या, आबांचा हात उचलून बोटं पाहिली आणि पुन्हा चालू लागल्या. तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी तास संपल्यावर सगळे गेले तेव्हा म्हणाल्या, "रजनी, बस."

मी बसले. त्या बाहेरच बघत बोलल्या.

"एकोणीस वर्षांची होती मी. रेडिओची चाचणी होती नागपूरले. पत्र आलं होतं. आबा म्हणे, घरच्या पोरीनं बाहेर गाऊ नये. मी म्हटलं, मी जातो. सकाळी कपडे करून राह्यली होती तं बाहेरून कडी लागली. मी लई ठोकलं. आई बाहेरच उभी होती. तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या मले. तिनं काढली नाई. संध्याकाळी आबा आले, कडी काढली, अन म्हणाले, जेव."

"मग?"

"मंग काय? जेवली मी."

मला रडू येत होतं, पण त्यांच्यापुढे रडायचा मला काही अधिकार नव्हता.

"लोक म्हणतात, ताई किती करते बापाचं, कडीसुद्धा लावत नाई. चांगुलपणा नाई वं त्याच्यात काही. मले तो आवाजच सहन होत नाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुझा राग हाये मले. राहील अजून बरेच दिवस. पण तू तासाले येत जाजो."

त्यांनी मला माफ केलं असतं तर मी कदाचित तोंड लपवून घरी बसले असते. रागावल्या, आणि तास चालू ठेवला, म्हणून मी टिकले.

शनिवार मात्र बंद झाले. सभेने पुन्हा ठराव केला, तीन-तीन जण बसू म्हणालो. ताईंनी फळ्यावरून आबांचं नाव स्वतःच्या पदराने पुसलं. पुन्हा वीस-वीस मिनिटांचे दिवस सुरू झाले. मी तिथून शिकून बाहेर पडले, माझं लग्न झालं, बोरगाव मेघेला संसार थाटला, वर्ध्यात एका कार्यालयात चिकटले. आबा गेले ते माझ्या लग्नानंतर वर्षभराने, दुपारच्या झोपेतच.

सगळ्यांना वाटलं, ताई आता नागपूरला जातील. त्या गेल्या नाहीत. दोन वर्षं त्या त्याच दोन खोल्यांत राहिल्या आणि तशाच दारात बसून शिकवत राहिल्या, समोरच्या रिकाम्या घरावर नजर ठेवून. मी एकदा भेटायला गेले आणि न राहवून विचारलंच, "ताई, आता काऊन नाई जात वो? आता कोण अडवते?"

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"तेच तं. आता कोणीच अडवत नाई." एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "आबा होते तोवर मले वाटे, सुटली का धावत जाईन. आता सुटली तं पाय उचलत नाई. तिथं गेली अन आवाज निघालाच नाई, तं? इतके वर्षं मी त्यायच्यावर ढकलून मोकळी होत होती. आता कोणावर ढकलू?"

आपल्यालाही बांधून ठेवलंय असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. त्यातलं किती दुसऱ्यांनी बांधलं होतं आणि किती मीच धरून बसले होते, हे मोजायचं धाडस मला त्या दिवशी घरी परतताना पहिल्यांदा झालं. उत्तर फारसं सुखाचं नव्हतं.

शेवटी ताईंना कोणी सोडवलं नाही. महाविद्यालयच बंद पडलं. दादा थकले होते, विद्यार्थी अकरा उरले होते. खोल्या रिकाम्या करायच्या ठरल्या. आता कुठे जाणार, असं दादांनी विचारल्यावर ताईंनी त्यांच्यासमोरच नागपूरच्या बाईंना फोन लावला. "मी बोलून राह्यली. शनिवारी येऊ काय?" त्या म्हणाल्या, "शनिवारी कशाला? राहायलाच या. मला आता चष्मा लावूनसुद्धा औषधं वाचता येत नाहीत." ताईंचं सामान एका ऑटोत मावलं. आम्ही आठ-दहा जुने विद्यार्थी पोचवायला गेलो होतो. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी शेजारी बसले होते. सेलूपर्यंत त्यांचा हात ऑटोच्या दांडीवर इतका घट्ट होता की बोटं पांढरी पडली होती.

त्यानंतर दीड वर्षाने त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. नागपुरात, एका ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, चाळीसेक लोकांसमोर. तो रविवार होता आणि आमच्याकडे पाहुणे यायचे होते. मी घरी सांगितलं, मी नागपूरला जाते आहे, स्वयंपाक करून ठेवलाय. कारण सांगितलं नाही. सासूबाई काही म्हणाल्या असतील, तेव्हा मी चपला घातल्या होत्या.

ताई निळ्या सुती साडीत बसल्या होत्या. शेजारी त्या वयस्कर बाई, मागे तंबोरा. त्यांनी सुरुवात केली. मध्य सप्तकात सगळं छान चाललं होतं. मग त्या वरच्या षड्जाकडे निघाल्या आणि आवाज फाटला. पुन्हा गेल्या, पुन्हा फाटला. पेटीवाल्याने झाकून घ्यायला स्वर मोठा केला. ताईंनी हात वर करून त्याला थांबवलं. गाणंही थांबलं. माझ्या शेजारी वैभव होता, त्याने मान खाली घातली. मलाही वर बघवेना.

ताई पाणी प्यायल्या. मग समोर बसलेल्यांना, जणू वर्गातच सांगावं तसं म्हणाल्या, "हा सूर माह्या तरुणपणचा हाय. आता माहा तिथं हात पोचत नाई. दोन पट्ट्या खाली घेतो. तंबोरा जुळवाले थोडा वेळ लागंल, बसा."

तंबोरा उतरवून पुन्हा जुळवायला पाच मिनिटं तरी लागली असतील. तेवढा वेळ ताई काही न करता, हात मांडीवर ठेवून, सगळ्यांकडे बघत बसल्या. ना घाई, ना लाज. तार खाली येत गेली, एका जागी थांबली. त्यांनी कान देऊन ऐकलं, मान डोलावली, आणि पहिल्यापासून गायला सुरुवात केली.